घरकाम म्हणजे व्यायाम नव्हे

“आमच्या बायकांना निराळा व्यायाम कशाला हवा? पहाटेपासून रात्रीपर्यंत त्यांचा व्यायामच चाललेला असतो!” हें वाक्य आपल्या घरांतून इतक्या सहजपणें उच्चारलें जातें कीं, तें तपासून पाहावें असें कोणाच्या मनांतही येत नाहीं. पुरुष तें कौतुकानें म्हणतात, सासवा स्वानुभवाचा दाखला देऊन म्हणतात, आणि नवल असें कीं, ज्यांच्याविषयीं तें म्हटलें जातें त्या गृहिणीही तें खरें मानून चालतात. आतां पंचेचाळिशीच्या आसपासची, मुलें शाळा-कॉलेजांत असलेली, वडील माणसांचें पथ्यपाणी संभाळणारी कोणतीही आई डोळ्यांपुढें आणावी. जिना चढतां चढतां ती मध्येंच कठडा धरते. पाटावरून उठतांना जमिनीला हात टेकते. पोट सुटलें म्हणून हळहळते. आणि संध्याकाळीं कंबर धरून बसते. दिवसाचे पंधरा तास ‘व्यायाम’ करणाऱ्या माणसाची ही अवस्था व्हावी कशी? एक तर व्यायाम निरुपयोगी असला पाहिजे, नाहीं तर ती जें करते तें व्यायाम नसलें पाहिजे. माझ्या मतें दुसरी गोष्ट खरी आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत व्यायामाचें लक्षण देतांना आचार्यांनीं दोन फळें व एक बंधन सांगितलें आहे. फळें म्हणजे शरीराचें स्थैर्य आणि बलाची वृद्धि. बंधन म्हणजे मात्रा. या कसोटीला घरकाम लावून पाहावें. वीस वर्षांपूर्वीं जो कुकर ती उचलीत होती तोच आजही उचलते. जितक्या पोळ्या लाटीत होती तितक्याच लाटते. शरीर हें मोठें हिशेबी आहे. जितकें मागावें तितकेंच तें बळ राखतें. एकदां एखाद्या कामाची संवय झाली म्हणजे त्या कामासाठीं अधिक बळ सांठविण्याचें त्याला कारण उरत नाहीं. म्हणजे बलवृद्धि नाहीं. आणि मात्रा म्हणावी तर घरकामाला मात्राच नसते; तें संपतें तें अंग थकलें म्हणून, काम झालें म्हणून नव्हे. ज्यांत थकवा आहे पण वृद्धि नाहीं त्याला आपल्या भाषेंत श्रम असा निराळा शब्द आहेच.

“मग आमच्या आज्या कशा कांटक होत्या?” असा प्रश्न येथें हमखास येतो. त्याचें उत्तर त्यांच्या कामांतच आहे. जातें ओढणें, उखळांत कांडणें, विहिरीचें पाणी शेंदणें, भरलेला हंडा कमरेवर घेऊन पायऱ्या चढणें, उकिडवें बसून सारवणें, पाट्यावर पुरण वाटणें : या सर्वांत भार होता, ओढ होती, खालीं बसून वर उठणें होतें. तो काळ परत यावा असें मी मुळींच म्हणत नाहीं. त्या श्रमांनीं कित्येकींचीं शरीरें अकालीं झिजलीं, आणि बाळंतपणाच्या तिसऱ्या महिन्यांत पाणी शेंदणाऱ्या स्त्रीला कोणी बलसंपन्न म्हणूं नये. पण दळण गिरणींत गेलें, वाटण मिक्सरांत गेलें, पाणी नळाला आलें, धुणें यंत्रांत गेलें, चूल ओट्यावर चढली आणि जेवण टेबलावर. कामांतला भार नाहींसा झाला. वेळ मात्र नाहींसा झाला नाहीं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं देशभर वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. तींत असें दिसून आलें कीं, विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामीं दिवसास सरासरी २९९ मिनिटें इतका वेळ जातो, व तें काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटें. पांच तासांना एक मिनिट कमी! हलकें पण न संपणारें काम, आणि तेंही बहुतेक उभ्यानें. पाय सुजायला व पाठ आंखडायला यापेक्षां निराळी योजना करावी लागत नाहीं.

या वयांत शरीराच्या आंत काय चालतें तें कळलें म्हणजे या गोष्टीची निकड ध्यानांत येईल. तिशीनंतर स्नायूंचें मांस हळूहळू घटूं लागतें. दर दहा वर्षांस तीन ते आठ टक्के असें याचें मान सामान्यतः सांगितलें जातें. तें वजनाच्या कांट्यावर दिसत नाहीं, कारण मांसाची जागा मेद घेतो. साडी पूर्वीचीच, वजन जवळजवळ पूर्वीचेंच, पण दंड सैल आणि कंबर रुंद, हें त्याचेंच दृश्य रूप. दुसरी घट हाडांची. आपल्या देशांत स्त्रियांची रजोनिवृत्ति सरासरीनें शेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षीं होते. पाश्चात्य देशांतल्यापेक्षां चारपांच वर्षें आधींच. इस्ट्रोजेन नांवाचा जो स्राव तोंपर्यंत हाडांची राखण करीत असतो तो तेव्हां आटतो, आणि पुढील पांच-सात वर्षांत हाडांचें घनत्व दहा टक्क्यांच्या आसपास, कित्येकींत त्याहूनही पुष्कळ अधिक घटतें. यांत दुखत कांहींच नाहीं. पुढें केव्हां तरी न्हाणीघरांत पाय घसरतो, मनगट मोडतें, आणि तेव्हां कळतें. मनगट बरें होतें. खुब्याचें हाड मोडलें तर पुष्कळदां चालणेंच परावलंबी होतें. ज्या बाईनें उभा जन्म इतरांचें केलें तिला उठवायला-बसवायला दोघें लागावीं, हें आपल्या एकत्र कुटुंबांतून कोणीं पाहिलें नाहीं? सुंदर दिसण्याचा प्रश्न आहेच, आणि त्याला कमी लेखण्याचें कारण नाहीं; पण खरा प्रश्न सत्तराव्या वर्षीं आपल्या पायांनीं न्हाणीघरांत जातां येण्याचा आहे, आणि त्याचा निकाल पंचेचाळिसाव्या वर्षीं लागत असतो.

सुदैवानें ही घट अटळ असली तरी तिला आळा घालतां येतो. १९९० सालीं अमेरिकेंतील बोस्टन येथें नव्वदीच्या घरांतल्या दहा अशक्त वृद्धांकडून डॉक्टरांनीं आठ आठवडे पायांनीं वजनें उचलविलीं. त्यांच्या पायांतील बळ सरासरीनें मूळच्या अडीच पटींहून अधिक झालें! २०१८ सालीं ऑस्ट्रेलियांत हाडें विरळ झालेल्या, रजोनिवृत्ति होऊन गेलेल्या स्त्रियांवर आठ महिने प्रयोग झाला. आठवड्यांतून दोनदां, फक्त तीस मिनिटें, जाणत्याच्या देखरेखीखालीं त्यांनीं चांगलीं जड वजनें उचललीं. त्यांच्या कण्याच्या हाडांचें घनत्व जवळजवळ तीन टक्क्यांनीं वाढलें, आणि घरीं हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाचें थोडें घटलें. नव्वदाव्या वर्षीं जें साधतें तें पंचेचाळिसाव्या वर्षीं साधणार नाहीं काय? जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं जे नियम घालून दिले त्यांतही आठवड्यास दीडशें ते तीनशें मिनिटें दमवणारी चाल, आणि शिवाय किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना बळ आणणारा व्यायाम, असें सांगितलें आहे. त्यांतला पहिला भाग आपल्याकडे आतां बराच रुजला. सकाळीं टेकडीवर वा बागेंत झपझप चालणाऱ्या भगिनी दिसतात. दुसरा भाग मात्र तालमींतल्या पोरांचा समजून सोडून दिला जातो.

चालण्यानें हृदय व फुप्फुसें सुधारतात, मन प्रसन्न होतें. तें सोडूं नये. पण चालण्यानें दंडाला बळ येत नाहीं व हाडांना जो भार हवा तो पुरेसा मिळत नाहीं. सूर्यनमस्काराविषयीं लिहितांना मात्र माझी लेखणी जरा अडखळते, कारण औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं राजवाड्यापासून शाळेपर्यंत ज्याचा प्रसार केला, आणि ज्याविषयींचें त्यांचें इंग्रजी पुस्तक १९३८ सालीं विलायतेंत प्रसिद्ध झालें, त्या व्यायामाला उणें म्हणणें महाराष्ट्रांत सोपें नाहीं. नमस्कारानें सांधे मोकळे राहतात, खांद्यांवर व मनगटांवर भार येतो, आणि त्याला साहित्य लागत नाहीं. उणीव एवढीच कीं, त्यांत संख्या वाढते, भार वाढत नाहीं. बारांचे चोवीस झाले म्हणजे दम वाढला. बळ एका मर्यादेनंतर थांबलें. म्हणून ज्या भगिनी नमस्कार घालतात त्यांनीं ते घालावेत, आणि आठवड्यांतून दोन दिवस त्यांना पुढील भाराच्या व्यायामाची जोड द्यावी.

यासाठीं जिममध्यें जावेंच लागतें असें नाहीं. जातां आलें व शिकविणारा चांगला असला तर उत्तमच. पण आमच्या वर्गांतील पुष्कळ गृहिणींना संकोच आड येतो, आणि संकोचापेक्षांही वेळ. घरांत एक भक्कम खुर्ची, ओटा, जिना, एक मजबूत कापडी पिशवी आणि पाण्याचे दोन कॅन इतकें असलें म्हणजे पुरे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. यापेक्षां सोयीचें वजन कोणत्याही दुकानांत मिळणार नाहीं, कारण तें हवें तसें वाढवितां येतें.

पहिला व्यायाम बैठकांचा. खुर्चीच्या पुढें पाठमोरें उभें राहावें, पाय खांद्यांइतके फांकवावे, आणि हात न टेकतां खुर्चीवर बसून पुन्हां उठावें. आठ ते बारा वेळां. मग दोन मिनिटें विसांवा. मग पुन्हां तसेंच. जिला हेंही जड वाटेल तिनें खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करावी. जिला सोपें वाटेल तिनें छातीशीं पाण्याचा कॅन धरावा. दुसरा जोराचा, पण जमिनीवर नव्हे. ओट्याच्या कडेला दोन्ही हात टेकून, पाय मागें नेऊन, अंग फळीसारखें ताठ ठेवून छाती ओट्याकडे न्यावी व परत लोटावी. तिसरा ओढण्याचा : एक हात खुर्चीवर टेकून वांकावें, दुसऱ्या हातांत पिशवी धरून कोंपर पाठीमागें नेत ती कमरेपर्यंत ओढावी; मग हात बदलावा. हा व्यायाम आपल्या घरांतून अगदींच नाहींसा झाला आहे, कारण रहाट गेला. आणि खांदे पुढें झुकलेल्या, फोन पाहून मान मोडलेल्या आजच्या पिढीला तोच सर्वांत अधिक हवा आहे. चौथा उचलण्याचा. जमिनीवरचा कॅन उचलतांना पाठ कमानीसारखी वांकवूं नये. कुल्ले मागें न्यावे, गुडघे थोडे वांकवावे, पाठ सपाट ठेवावी आणि पायांच्या बळावर उठावें. ही रीत नीट बसली म्हणजे गॅसचें सिलिंडर सरकवितांना किंवा नातवंड कडेवर घेतांना उसण भरण्याचें भय पुष्कळ कमी होतें. शेवटीं कठड्याला बोट लावून टांचा उंच करणें व एका पायावर उभें राहणें; हें तोल संभाळण्यासाठीं.

या सगळ्याला पंचवीस ते तीस मिनिटें लागतात. मर्म पुढेंच आहे. बारा आवर्तनें सहज होऊं लागलीं कीं पंचवीस करावयाचीं नाहींत. एक लिटर पाणी वाढवावयाचें व पुन्हां आठांवर यावयाचें. फेरी थांबवितांना ‘आणखी दोन, फार तर तीन निघालीं असतीं’ असें वाटलें पाहिजे. दहा निघालीं असतीं असें वाटल्यास भार कमी पडला. व्यायाम अर्ध्या शक्तीनें करावा असें सुश्रुतांनीं सांगितलें आहे, व श्वास तोंडावाटे येऊं लागणें ही त्याची खूण दिली आहे. पहिले दोन महिने हा नियम अगदीं शहाणपणाचा समजावा. माझ्या नात्यांतील एका अठ्ठेचाळीस वर्षांच्या सुनेनें नऊ माणसांचा स्वयंपाक संभाळून याप्रमाणें आरंभ केला, तेव्हां उशी ठेवलेल्या खुर्चीवरूनही तिला सहांच्या वर उठवत नसे. सातव्या महिन्यांत ती दहा लिटरचा कॅन छातीशीं धरून तीच बैठक काढूं लागली. तिचें वजन या अवधींत दीडच किलो उतरलें, आणि घरांतील मंडळी प्रथम त्यावरूनच थट्टा करीत. पण तिनें शिंपिणीकडे जुन्या पोलक्यांच्या बाह्या व कमरा आंत घेण्यास दिल्या, तेव्हां थट्टा थांबली.

यावरून पोटाविषयीं एक भ्रम दूर करावासा वाटतो. पोटाचे व्यायाम केल्यानें पोटावरचा मेद जातो असें नाहीं. मेद सर्वांगाचा मिळून उतरतो, व कोठला आधीं उतरावा हें शरीर ठरवितें. म्हणून कांट्यावर रोज उभें राहण्यापेक्षां महिन्यांतून एकदां बेंबीच्या पातळीवर शिवणाची टेप लावावी. आपल्याकडील स्त्रियांत ऐंशी सेंटिमीटरच्या पुढें घेर गेला म्हणजे मधुमेह व हृद्रोग यांच्या दृष्टीनें सावध व्हावें, असें वैद्यकशास्त्र सांगतें.

आणखी एक विषय असा आहे कीं, त्याविषयीं आपल्या घरांत आईही मुलीजवळ बोलत नाहीं. बाळंतपणानंतर पुष्कळ स्त्रियांचे ओटीच्या तळाचे स्नायु सैल पडतात. शिंकतांना, खोकतांना, उडी मारतांना लघवीचे थेंब जातात, आणि त्या लाजेपायीं व्यायामच नको असें वाटूं लागतें. हा वयाचा भोग नव्हे. तो स्नायूंचा अशक्तपणा आहे, व बहुतेकींत व्यायामानें सुधारतो. लघवी रोखतांना जे स्नायु आंवळले जातात तेच पांच-सात सेकंद आंवळून सोडावे, असें दहा वेळां, दिवसांतून तीनदां. अमेरिकेंतील डॉ. केगेल यांनीं १९४८ सालीं याचें शास्त्र मांडलें. हठयोगांतील मूलबंध ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही क्रिया ओळखीची वाटेल. पोळ्या लाटतांनाही ती करतां येते व कोणास कळत नाहीं. अंग बाहेर येत असल्यास मात्र वजन उचलण्याआधीं स्त्रीरोगतज्ज्ञांस दाखवावें. तोच नियम रक्तदाब, हृदयविकार, पूर्वीं मोडलेलें हाड किंवा सुजणारे गुडघे असलेल्यांस. भार उचलतांना श्वास कोंडूं नये, उचलतांना सोडावा. दुसऱ्या दिवशीं मांड्या दुखल्या तर भिऊं नये, पण सांध्यांत कळ आली तर थांबावें.

बळ येण्यास अन्न लागतें, आणि येथें आमच्या घरांची रीत अगदीं आड येते. सर्वांचें झाल्यावर उरलेली भाजी, कालची पोळी व ताक हें गृहिणीचें जेवण. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या मानाप्रमाणें दर किलो वजनामागें ०.८३ ग्रॅम प्रथिन रोज पोटांत जावें. पंचावन्न किलोच्या स्त्रीस सुमारें शेचाळीस ग्रॅम. भार उचलणारीस थोडें अधिक लागेल. एका मुठीएवढ्या, म्हणजे तीस ग्रॅम कोरड्या डाळींत सात ग्रॅम मिळतें. पेलाभर दुधांत सहा. मूठभर शेंगदाण्यांत सातआठ. उलट साबुदाण्यांत जवळजवळ कांहींच नाहीं. तो नुसता पिष्टाचा गोळा. ज्या घरांत सोमवार, चतुर्थी, एकादशी असे महिन्याचे आठ-नऊ उपास पाळले जातात तेथें उपासाला साबुदाण्याऐवजीं दूध, दहीं, शेंगदाणे, राजगिरा व पनीर यांकडे वळावें. व्रताला त्यानें बाध येतो असें मला तरी कोठें आढळलें नाहीं. आणि जी सदैव थकलेली असते तिनें प्रथम रक्त तपासून घ्यावें. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आपल्या देशांतल्या पंधरा ते एकूणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकीं सत्तावन्न टक्के पांडुरोगी, म्हणजे रक्त कमी असलेल्या आढळल्या. रक्त नसतांना बैठका काढणें हें तेल नसतांना वात वाढविण्यासारखें आहे.

राहतां राहिला वेळ. आठवड्यांतून दोनदां अर्धा तास, म्हणजे एकूण एक तास. तो गृहिणीनें काढावा असें सांगून मोकळें होणें सोपें आहे. तो तिला घरानें द्यावा लागतो. एकत्र कुटुंबाचा फायदा आपण नेहमीं सांगतों, तो येथें दिसूं द्यावा. दोन जावा असतील तर त्यांनीं एकमेकींचे वार वांटून घ्यावे, किंवा कुकर मुलाकडे सोंपवून दोघींनीं एकत्रच करावें. एकीच्या आळसाला दुसरीची लाज असते. सासूबाईंनाही खुर्चीवरच्या बैठकांत ओढावें, कारण हाडांचा प्रश्न त्यांचा अधिक आहे. घरांतल्या पुरुषांनीं त्या वेळांत ‘माझा चष्मा कोठें आहे’ असें विचारूं नये, इतकी मदत केली तरी ती लहान नव्हे. श्रावणांत मंगळागौरीचे खेळ अवश्य खेळावे. फुगडींत जोडीदारणीच्या भाराची ओढ आहे, झिम्म्यांत उडी आहे, आणि हाडांना असले धक्के हितकर असतात. पुण्या-मुंबईकडे मध्यम वयाच्या स्त्रियांचे संच हे खेळ बसवितात व त्यासाठीं महिनोन्महिने सराव करितात, त्यांच्या दमाचा हेवा वाटतो. ज्यांचे गुडघे वा हाडें आधींच अधू आहेत त्यांनीं फुगडी सोडून बाकीचे खेळ खेळावे.

साहित्य मात्र माळ्यावर ठेवूं नये. माळ्यावर गेलेली वस्तु पुन्हां दिवाळीलाच खालीं येते. खुर्ची व कॅन माजघरांत, डोळ्यांसमोर असावे. आणि कॅनवर ठळक अक्षरांत नांव घालून ठेवावें, नाहीं तर नळाला पाणी आलें नाहीं त्या दिवशीं प्रथम तेच रिकामे होतात.